आईची जपमाळ गाठवून घेतली, त्या नंदुरबारच्या दुकानाबद्दल

नंदुरबारला सराफांची दुकानं आहेत त्या बाजारात, एका भांड्यांच्या दुकानाच्या जिन्याखाली गाठवणाऱ्या आप्पांची बैठक आहे. दुकान म्हणायचं तर चार बाय पाच फुटांची जागा. पाटी नाही. बाहेर खिळ्याला लाल, काळ्या, पिवळ्या रेशमाच्या लडी टांगलेल्या दिसतात, तीच खूण. मंगळसूत्राची पोत, ठुशी, बाळांच्या मनगट्या, असं सगळं ते गाठवून देतात. मी त्यांच्याकडे माझ्या आईची जपमाळ नेली होती. रोझरी. आमच्या भागात कॅथलिक घरं बरीच आहेत आणि पुष्कळ घरांत अशी एखादी तुटलेली माळ डबीत पडून असते. ती दुरुस्त होते, आणि इथे चांगली होते, हे कळावं म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी माळेबद्दल सांगते, कारण नुसती दुकानाची माहिती सांगून भागणार नाही.

मी नवापूर तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माळ माझ्या आईची. तिने ती हरेगावच्या मतमाउलीच्या, म्हणजे मरियामातेच्या, यात्रेतून आणली होती, माझ्या जन्माच्याही आधी. हरेगाव म्हणजे श्रीरामपूर तालुक्यातलं, पूर्वीच्या नगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं. सप्टेंबरात मरियामातेच्या जन्मदिवसाच्या सुमाराला तिथे मोठी यात्रा भरते. आई मिशनच्या लोकांबरोबर ट्रकमधून गेली होती, एवढंच मला माहीत. काळ्या लाकडी मण्यांची साधी माळ. मधल्या बिल्ल्यावरचा मरियेचा चेहरा आईच्या अंगठ्याने पार गुळगुळीत झालेला. डोळे-नाक काही उरलं नाही, फक्त डोक्यावरच्या पदराची कड बोटाला लागते.

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं. दिवाळी झाली की ती आणि बाबा ऊसतोडीला गुजरातेत जायचे, बारडोलीकडे. आम्हा भावंडांतली दोन तिकडेच, पडावावर जन्मली. पवित्र मरिया बाळाला घेऊन रात्रीतून इजिप्तला पळाली ही गोष्ट चर्चमध्ये फादर सांगायचे तेव्हा आई मान डोलवायची. घरी आल्यावर आमच्या बोलीत म्हणायची, त्याचं मराठी असं होईल: "तिलाही बिऱ्हाड डोक्यावर घेऊन जावं लागलं. कोणाच्या गावात, कोणाच्या शेताच्या कडेला झोपली असेल, कोण जाणे." माझ्या पाहण्यातली मतमाउली म्हणजे मूर्तीतली, निळी शाल, हात जोडलेले, शांत चेहरा. आईची मतमाउली वेगळी होती. ती मजुराची बायको होती आणि तिच्या टाचांना भेगा होत्या.

तीन वर्षांपूर्वी आई गेली. माळ माझ्याकडे आली.

माझा धाकटा मुलगा नऊ वर्षांचा आहे. त्याला सिकलसेल आहे, आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार. रिपोर्टवर एसएस, म्हणजे दोन्हीकडून आलेला. आमच्या जिल्ह्यात हा आजार नवा नाही, सातपुड्याच्या पट्ट्यात गावोगावी आहे. तो वर्षाचाही नव्हता तेव्हा त्याच्या हातापायांची बोटं सुजली. मला वाटलं काहीतरी चावलं. रिपोर्ट आला तेव्हा कळलं की मी एएस, म्हणजे वाहक, आणि माझा नवराही एएस. दोघंही वाहक असले की प्रत्येक बाळंतपणात चारात एक वेळ अशी असते की बाळाला दोन्हीकडून तोच अंश मिळतो. एका मोठ्या दवाखान्यात त्या दिवशी ओळीत उभ्या असलेल्या सगळ्यांसमोर मला विचारलं गेलं, "लग्नाआधी तपासणी का नाही केली?" गावोगावी वजनकाटा घेऊन फिरणारी बाई मी, दुसऱ्यांच्या मुलांच्या नोंदी ठेवणारी. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. बाळ मांडीवर हसत होतं.

तेव्हापासून मला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानातला शिमोन वेगळा ऐकू येतो. बाळ येशू चाळीस दिवसांचा, आईबाप त्याला मंदिरात घेऊन आलेत. कोकरू देण्याची ऐपत नाही म्हणून गरिबांसाठी सांगितलेलं अर्पण, पारव्यांची नाहीतर कबुतरांची जोडी. तिथे हा म्हातारा शिमोन बाळाला हातात घेतो, देवाची स्तुती करतो आणि मग आईकडे वळून सांगतो की तुझ्या स्वतःच्या जिवातूनही तलवार जाईल. बाळ चाळीस दिवसांचं! त्या बाईने पुढची तेहतीस वर्षं हे वाक्य पोटात ठेवून पोराला वाढवलं. त्याला न्हाऊ घातलं, भाकरी दिली, बारा वर्षांचा असताना तो यरुशलेमेत हरवला तर तीन दिवस शोधलं आणि सापडल्यावर "आमच्याशी असं का वागलास" म्हणून रागावलीसुद्धा. तलवारीची वाट बघत ती कोपऱ्यात बसली नाही. माझ्या हातात रिपोर्ट होता, तिच्या कानात ते वाक्य होतं. मला धरायला तिचा पदर मिळाला तो इथून.

यंदा पावसाळ्यात, शाळेतून येताना पोरगं चिंब भिजलं. रात्री ताप आला आणि पहाटेपासून मांड्यांची हाडं दुखायला लागली. ज्याने सिकलसेलचं दुखणं पाहिलं नाही त्याला सांगून समजत नाही. मूल ओरडत नाही, ओरडायला श्वासच नसतो. दवाखान्यात सलाईन लागलं. दुसऱ्या रात्री दुखणं वाढलं तेव्हा मी आईची माळ त्याच्या हातात दिली. त्याने ती इतकी घट्ट धरली, इतकी ओढली, की जुनी गंजलेली तार तुटली आणि मणी फरशीवर पडले. टकटक आवाज करत खाटांखाली गेले.

शेजारच्या खाटेवर तळोद्याकडची एक बाई होती, मुलीला घेऊन आलेली. मुलीला हाच आजार. ती ख्रिस्ती नव्हती. काही न विचारता तिने मोबाईलचा टॉर्च लावला आणि खाटेखाली सरपटत गेली. मी पोराला धरून बसले होते, ती एकेक मणी वेचून माझ्या ओंजळीत टाकत होती. मग म्हणाली, "किती असतात?" मी म्हटलं, एकोणसाठ. तिने मोजले. अठ्ठावन्न. पुन्हा खाली गेली. तो एक काही सापडला नाही.

त्याच रात्री दोन वाजता दुखण्याच्या इंजेक्शनची वेळ टळून गेली होती आणि कोणी येत नव्हतं. मी भिडस्त आहे. त्या पहिल्या दवाखान्यापासून मला पांढऱ्या कोटासमोर घसा कोरडा पडतो. पण त्या वेळी मला बायबलमधलं काना गावचं लग्न आठवलं. तिथे मरिया भाषण करत नाही, कारण सांगत नाही. एवढंच म्हणते की यांच्याकडे द्राक्षारस उरला नाही. आणि मुलाने "माझी वेळ अजून आली नाही" म्हटल्यावरही ती मागे सरत नाही, नोकरांकडे वळते आणि त्यांना सांगते, हा सांगेल ते करा. मी उठले, टेबलापाशी गेले आणि तेवढंच बोलले: "अठरा नंबरच्या पोराला दुखतंय. इंजेक्शन झालेलं नाही." माझा आवाज थरथरत होता, पण वाक्य पूर्ण झालं. पाच मिनिटांत सिस्टर आल्या. तळोद्याच्या बाईच्या मुलीचंही राहिलं होतं, तिलाही दिलं.

तर अशी ती अठ्ठावन्न मणी, एक क्रूस आणि एक बिल्ला औषधाच्या प्लास्टिकच्या पिशवीत घेऊन मी आप्पांच्या बैठकीवर गेले. त्याआधी दोन ठिकाणी विचारलं होतं. एका सराफाने "नवीन घ्या, पन्नास रुपयांत मिळते" सांगितलं. खरंच मिळते.

आप्पांनी पिशवी हातावर ओतली आणि विचारलं, "हाई काय शे माय?" मी सांगितलं. त्यांनी बिल्ला चष्म्याजवळ नेला, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कोणाच्या हातची आहे?" आईच्या, म्हटल्यावर पुढे काही विचारलं नाही. मग मी कागदावर काढून दाखवलं: खाली क्रूस, मग एक मोठा मणी, तीन लहान, एक मोठा, मग बिल्ला. बिल्ल्यापासून वर दहा-दहा लहान मण्यांची पाच दशकं आणि दोन दशकांच्या मध्ये एकेक मोठा. मोठ्या मण्यावर प्रभूची प्रार्थना, लहानावर नमो मरिया. म्हणजे लहान त्रेपन्न आणि मोठे सहा. ते म्हणाले, "आमची एकशे आठची, तुमची एकोणसाठची. चालेल. हरवलेला मणी लहानातला की मोठ्यातला?" लहानातला.

मला पहिल्यासारखी तारेची कडी-कडी हवी होती. त्यांनी ऐकलं आणि विचारलं की माळ कोणाच्या हातात असते. मी पोराचं सांगितलं. तेव्हा म्हणाले, तार नको. तार ओढली की उघडते, बोटाला टोचते, घामाने गंजते. दोऱ्यात गाठवतो आणि प्रत्येक मण्यानंतर गाठ मारतो. मग कधी तुटली तरी एकच मणी निसटेल, सगळे सांडणार नाहीत. मी दुसरा काही विचार केला नाही, हो म्हटलं.

इथे एक तक्रार सांगून टाकते. दोन दिवस म्हणाले आणि नऊ दिवस लागले. दिवस श्रावणाचे होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघर कानबाई देवी बसते, आणि तिच्या नथी-पोती गाठवायला बायकांची रीघ लागलेली. मी पाचव्या दिवशी गेले तर माझी पिशवी तशीच कोपऱ्यात. नवापूरहून गाडीने यायचं, अंगणवाडीची रजा टाकायची, आणि काम नाही. मला राग आला आणि मी तो बोलून दाखवला. ते म्हणाले, "माय, आईचंच काम चाललंय, तुमचीपण आईच आहे, नंबराने घेतो." त्या दिवशी मला ते उत्तर पटलं नाही. फोन नंबर दिला होता तर उचलायला हवा होता. श्रावणात आणि लग्नसराईत जाणार असाल तर आधी विचारूनच जा.

नवव्या दिवशी मात्र त्यांनी माझ्यासमोर बसून काम केलं, आणि ते बघायला मिळालं याचा मला आनंद आहे. दोऱ्याला मेण चोळलं. दोऱ्याचा फास उजव्या पायाच्या अंगठ्यात अडकवला आणि पाय लांब करून दोरा ताणून धरला. दोऱ्याचं टोक कडक करून घेतलं होतं, ते सुईसारखं मण्यातून जात होतं. मणी खाली सरकवायचा, गाठ सैल घालायची आणि टोच्याने ती गाठ मण्याच्या बुडाशी नेऊन मग आवळायची. प्रत्येक गाठीनंतर मणी दोन बोटांत फिरवून बघायचा, फिरला पाहिजे पण घसरता कामा नये. जुने मणी आतून तारेने झिजून भोकं मोठी झाली होती, तिथे गाठ दुहेरी. डोळे दोऱ्यावर आणि तोंडाने हळूहळू आकडे. एका दशकाला दहा-बारा मिनिटं गेली.

हरवलेल्या मण्याच्या जागी लाकडी मणी त्यांच्याकडे नव्हता. काळ्या काचेचा होता, मंगळसूत्रात घालतात त्याहून मोठा. आकार जुळला, रंगही जवळपास जुळला. मी म्हटलं, घाला.

पैसे एकशे वीस. घासाघीस केली नाही.

बसस्टँडवर बाकावर बसून मी मणी मोजले आणि तिसऱ्या दशकात अकरा निघाले, चौथ्यात नऊ. डोकं धरून बसले. लोकांना वाटेल एका मण्याने काय बिघडतं. पण माळ मी अंधारात म्हणते, मुलाच्या शेजारी पडून, एका हाताने. तिथे डोळ्यांचं काम बोटं करतात. बोटाला मोठा मणी लागला की पुढचं रहस्य, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातला मनात आणायचा पुढचा प्रसंग, एवढाच हिशोब. तो चुकला तर मन प्रार्थनेतून निघून मोजण्यात जातं. मी परत गेले. दुकान बंद करण्याची वेळ झाली होती. आप्पांनी मोजलं, कपाळाला हात लावला, "माझी चूक" म्हणाले आणि पुन्हा दिवा लावून बसले. तिसऱ्या दशकाच्या शेवटापासून सगळं उसवलं आणि परत गाठवलं. वरचा एक पैसा घेतला नाही. शेवटची गाडी चुकेल म्हणून त्यांच्या मुलाने मला मोटारसायकलवर स्टेशनला सोडलं. गाठवणाऱ्याला मी याच कारणासाठी पूर्ण गुण देते. चूक सगळ्यांकडून होते, पण गाठी उसवून पुन्हा मारायला बसणारा माणूस मी कमी पाहिलाय.

या सगळ्यात काचेचा मणी चौथ्या दशकात जाऊन बसला. ठरवून केलं नव्हतं.

सोमवारी आणि शनिवारी आनंदाची रहस्यं म्हणतात. त्यातलं चौथं म्हणजे बाळाचं मंदिरातलं समर्पण, तो शिमोनाचा प्रसंग. मंगळवारी आणि शुक्रवारी दुःखाची, त्यात चौथं म्हणजे येशू क्रूस वाहून नेतो ते. क्रूसाची वाट म्हणून येशूच्या शेवटच्या वाटेची जी प्रार्थना करतात, तिच्यातही चौथ्या स्थानी त्याला त्याची आई भेटते. लाकडी मणी हाताच्या उबेने कोमट झालेले असतात. त्यांच्यात अचानक एक गार मणी बोटाखाली येतो. रोज येतो, आणि रोज मी तिथे थोडी थांबते. आईला वाटेत दिसलेला तो मुलगा, तोंडावर रक्त, आणि तिच्या हातात करण्यासारखं काहीच नाही. ती त्याचा क्रूस उचलू शकली नाही. मला पोराचं दुखणं माझ्या हाडांत घेता येत नाही. योहान लिहितो की क्रूसाजवळ त्याची आई उभी होती. उभी. मला त्या एका शब्दाने जितकं बळ दिलंय तितकं कोणाच्या धीराच्या बोलण्याने दिलेलं नाही. वॉर्डात मी तीन रात्री खाटेच्या कठड्याला धरून उभी राहिले आहे, मला उभं राहणं म्हणजे काय ते कळतं.

माळ उलट्या बाजूने सुरू केली की तोच मणी दुसऱ्या दशकात येतो. तिथे आनंदाचं रहस्य आहे मरियेने एलिझाबेथला दिलेल्या भेटीचं. देवदूत येऊन गेल्यावर मरिया उठली आणि घाईने डोंगराळ मुलखात एका बाईकडे गेली. दोघी पोटुशा. दोघींचीही मुलं पुढे मारली गेली, एकाचं डोकं कापलं, दुसऱ्याला खिळे ठोकले. पण त्या दिवशी दोघी एकमेकींना बघून आनंदल्या आणि मरियेने देवाचं गाणं म्हटलं, भुकेल्यांना त्याने तृप्त केलं आहे, धनवानांना रिकामं पाठवलं आहे. त्या मण्यावर मला टॉर्च घेऊन खाटेखाली सरपटणारी तळोद्याची बाई आठवते. आम्ही दोघी आता फोनवर बोलतो. सिकलसेलवरच्या हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या तिच्याकडच्या केंद्रात संपल्या की ती मला विचारते, माझ्याकडे संपल्या की मी तिला. तिच्यासाठीही मी माळ म्हणते, तिला ते माहीत आहे.

आठ सप्टेंबरला मतमाउलीच्या जन्मदिवसाला गावातल्या चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे आमची मोठी उपासना, झाली. त्याआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेला, नोव्हेनाला, रोज माळ याच दोऱ्यावर फिरली. पोरगं नऊही दिवस आलं, स्वेटर घालून, पाण्याची बाटली गळ्यात अडकवून, कारण त्याला तहान लागण्याआधी पाणी प्यायचं असतं. शेवटच्या दिवशी त्याने माळ मागून घेतली आणि गार मण्यापर्यंत स्वतः म्हटली.

आता माळेची स्थिती. तीन महिने रोज वापरात आहे. एकही गाठ सैल नाही. क्रूसाजवळचा दोरा थोडा मळलाय, तो मळणारच, काळा दोरा मागितला असता तर दिसलं नसतं. आप्पांनी पांढरा घातला कारण मी काही सांगितलं नव्हतं, तेव्हा तुम्ही नेलीत तर रंग आधी सांगा. दोरा पाण्यात भिजवू नका. वर्षा-दीड वर्षाने बदलावा लागेल असं त्यांनी स्वतःच सांगितलं, कायमची हमी वगैरे दिली नाही, ते मला आवडलं. माळेचा फोटो काढून न्या, नाहीतर माझ्यासारखं कागदावर काढून दाखवा, आणि तिथेच बसून मोजून घ्या. क्रूसाची कडी तुटली असेल तर ते काम ते करत नाहीत, शेजारच्या सोनाराकडे पाठवतात. सकाळी दहानंतर बैठक उघडते, दुपारी जेवायला घरी जातात.

पुढच्या महिन्यात पोराच्या रक्ततपासणीला नंदुरबारला जायचंच आहे. जाताना नणंदेची माळ बरोबर नेणार आहे. तिचे मणी सगळे आहेत, फक्त विस्कटलेत.